गोल निटिंग मशीनवर छोट्या भेटवस्तू विणताना

वर्षाअखेरीस जवळच्या वीसेक माणसांना स्वतःच्या हाताने केलेली काहीतरी भेट द्यायची, असे मी ऑगस्टच्या सुरुवातीला ठरवले. दोन सुयांवरचे साधे विणकाम मला येते, पण माझा वेग पाहता डिसेंबरपर्यंत तीन-चार टोप्यांच्या पुढे मजल गेली नसती. म्हणून हँडल फिरवून चालणारे गोल निटिंग मशीन घेण्याचा विचार पक्का झाला. या मशीनबद्दल जे व्हिडिओ पाहायला मिळतात, त्यांत हँडल भरभर फिरते आणि काही मिनिटांत टोपी तयार होते. ते खोटे नाही, परंतु त्यात भेटवस्तूच्या कामाचा फारच थोडा भाग दिसतो. उरलेला भाग मी ज्या क्रमाने अनुभवला त्याच क्रमाने इथे लिहीत आहे.

पहिला प्रश्न सुयांच्या संख्येचा होता. घरगुती वापरासाठी 22, 32, 40, 46 आणि 48 सुयांची मशीन मिळतात आणि सुया जितक्या जास्त, तितकी विणली जाणारी नळी रुंद. विणणाऱ्याला हा व्यास बदलता येत नाही. लोकर जाड-बारीक केली किंवा ताण कमी-जास्त केला तर थोडासा फरक पडतो, तेवढाच. मध्यम जाडीच्या लोकरीत 48 सुयांवर मोठ्या माणसाची टोपी होते, तर 22 सुयांवर सपाट ठेवल्यावर सुमारे सात-आठ सेंटीमीटर रुंद भरणारी नळी मिळते, जिच्यातून चष्म्याची पिशवी, कानपट्टी, छोटी बाहुली असे प्रकार करता येतात. म्हणजे कोणती मशीन घ्यायची हे ठरवण्याआधी कोणती वस्तू करायची हे ठरलेले असावे लागते. मी यादी लिहून काढली तेव्हा तिच्यात टोप्या कमी आणि बारीकसारीक वस्तू जास्त निघाल्या. त्यामुळे 22 सुयांचे मशीन मी स्वतःसाठी मागवले आणि टोप्यांसाठी 48 सुयांचे मशीन एका मैत्रिणीकडून काही आठवड्यांच्या बोलीवर घेतले. एकच मशीन घ्यायचे असेल आणि छोट्या भेटवस्तू करायच्या असतील, तर लहान मशीन घ्यावे असे माझे मत आहे. मोठ्यावर छोटी वस्तू होत नाही. लहानावरच्या दोन-तीन पट्ट्या जोडून मोठी वस्तू मात्र करता येते.

मशीन हाती यायला सप्टेंबर उजाडला. वाट पाहण्याच्या त्या काळात या यंत्राच्या पूर्वजांबद्दल वाचले आणि त्याचा पुढे प्रत्यक्ष उपयोग झाला. विल्यम ली याने 1589 मध्ये इंग्लंडमध्ये मोजे विणण्याची चौकट बनवली, पण तिच्यावर सपाट कापड निघे आणि ते शिवून मोजा करावा लागे. वर्तुळात विणणाऱ्या यंत्राचे पेटंट मार्क इसम्बार्ड ब्रुनेल याने 1816 मध्ये घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने फिरवायची, लोखंडी घडणीची मोजे-मशीन घराघरांत पोहोचली आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी अशा मशीनवर कितीतरी मोजे घरबसल्या विणले गेले. त्या जुन्या मशीनमध्ये सुया जागच्या जागी राहून त्यांना वर-खाली करणारी भोवतालची नळी फिरते. आजच्या प्लॅस्टिकच्या मशीनमध्ये सुयांचे कडेच फिरते आणि धागा देणारा आकडा जागेवर राहतो. तत्त्व एकच आहे. सुई वर येते तेव्हा तिच्या आकड्यात धागा बसतो, ती खाली जाते तेव्हा आधीचा टाका आकड्यावरून निसटतो आणि त्याच्या पोटातून नवा टाका निघतो. हे चित्र डोक्यात स्पष्ट असले की मशीन अडकल्यावर नेमके कुठे पाहायचे ते कळते, म्हणून पहिला दिवस मी लोकर न लावता, नुसते हँडल हळू फिरवून एकेक सुई वर-खाली होताना पाहण्यात घालवला. त्यात एक सुई इतरांपेक्षा किंचित कमी वर येते हे दिसले. सोबत आलेल्या जादा सुयांपैकी एक तिथे बसवली. विणकाम सुरू झाल्यावर हे शोधणे बरेच अवघड गेले असते.

मशीन ठेवायची जागा पक्की असायला हवी. पायांखाली रबरी चूषक असले तरी खडबडीत लाकडावर ते धरत नाहीत. टेबलाच्या कडेला शिकंजाने आवळले की मशीन हलत नाही आणि विणलेली नळी खाली मोकळी लोंबू शकते. ही नळी खाली नीट उतरत राहणे महत्त्वाचे आहे, कारण सुया खाली गेल्यावर जुने टाके आकड्यावरून सुटावेत यासाठी विणलेल्या भागाला खालून हलकी ओढ लागते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत कापडाला वजन नसते, तेव्हा एका हाताने नळी अलगद खाली ओढून धरावी लागते.

लोकर निवडण्यात सर्वांत जास्त दिवस गेले आणि ते गेले ते बरेच झाले. ज्या लोकरीच्या वेष्टनावर हाताच्या विणकामासाठी साडेचार ते साडेपाच मिलिमीटरच्या सुया सुचवलेल्या असतात आणि जिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 180 ते 200 मीटर धागा भरतो, ती मध्यम जाडीची लोकर माझ्या दोन्ही मशीनवर सर्वांत सुरळीत चालली. त्याहून जाड लोकर आकड्यात मावत नाही आणि हँडल जड होते. बारीक लोकरीचे टाके इतके सैल पडतात की बाहुलीत भरलेला कापूस त्यांतून दिसतो, त्यामुळे बारीक लोकर आवडली असेल तर दोन धागे एकत्र धरावेत. ॲक्रिलिक आणि लोकर-ॲक्रिलिक मिश्रण यांना लवचीकपणा असतो. शुद्ध सुती धाग्याला तो जवळजवळ नसतो, त्यामुळे प्रत्येक सुईवर जोर येतो. सुती धागा मी एका पिशवीपुरता वापरून थांबलो. केसाळ आणि मखमली धागे स्पर्शाला सुंदर असले तरी त्यांत गळलेला टाका दिसतच नाही, आणि काळ्या किंवा गडद निळ्या रंगाचीही तीच अडचण असते. पहिली वस्तू फिक्या, गुळगुळीत, एकरंगी लोकरीतच करावी.

लोकर मशीनला लावण्यापूर्वी ती पुन्हा गुंडाळून घेणे हे कंटाळवाणे, पण न टाळता येणारे काम आहे. गुंड्यातून धागा विनासायास सुटत राहिला पाहिजे. तो मध्येच अडखळला तर त्या एका क्षणी ताण वाढतो आणि तिथले टाके घट्ट होतात किंवा सुई धागा पकडतच नाही. गुंडाळताना आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे कारखान्यातून आलेल्या गाठी सापडतात. गाठ सुईच्या आकड्यातून जात नाही. ती आढळली की तिथेच धागा कापून त्याचे दोन वेगळे गुंडे करून ठेवायचे आणि विणताना नवा धागा रीतसर जोडायचा.

आता टाके चढवण्याविषयी. धागा पहिल्या सुईच्या आकड्यात घ्यायचा, दुसऱ्या सुईच्या मागून न्यायचा, तिसऱ्या सुईत पुन्हा घ्यायचा, अशी एक आड एक पहिली फेरी अत्यंत सावकाश पूर्ण करायची. बहुतेक मशीनवर एक सुई वेगळ्या रंगाची असते. सुरुवात तिच्यापासून केली की फेरी कुठे संपली ते आपोआप कळते. दुसऱ्या फेरीपासून धागा ताणाच्या खाचेतून ओवायचा आणि मग प्रत्येक सुई तो स्वतः घेत जाते. भेटवस्तूची लोकर मात्र इथे वापरायची नाही. पहिल्या सहा-आठ फेऱ्या वेगळ्या रंगाच्या, उरलेल्या लोकरीने विणायच्या, मग धागा कापून भेटवस्तूची लोकर लावायची आणि शेवटी पुन्हा काही फेऱ्या उरलेल्या लोकरीच्या घालायच्या. असे केले की मशीनवरून सगळे विणकाम सरळ उतरवून घेता येते, टाके निसटण्याची भीती राहत नाही आणि शांत बसून दोन्ही टोकांचे खरे टाके सुईत ओवून घेता येतात. नंतर उरलेली लोकर ओढून काढली की ती पुढच्या वस्तूला पुन्हा उपयोगी पडते.

हँडल फिरवण्याचा वेग हा या यंत्रावरचा खरा संयमाचा विषय आहे. एकसारखा, मध्यम वेग ठेवला की टाके एकसारखे येतात. भरधाव फिरवले की एखादी सुई धागा घेण्याआधीच खाली जाते आणि तो टाका गळतो. कानाला हे लवकर ओळखू येऊ लागते. सुरळीत चालताना मशीनचा एक ठेका असतो आणि काही बिघडले की तो बदलतो. ठेका बदलला की तत्काळ थांबायचे आणि हँडल उलटे फिरवण्याचा मोह आवरायचा, कारण उलट दिशेने गेल्यावर सुया आपले टाके सोडून देतात. गळलेला टाका त्याच फेरीत दिसला तर क्रोशाच्या सुईने उचलून पुन्हा आकड्यावर बसवता येतो. दोन-चार फेऱ्या खाली गेला असेल तर शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तसा क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढत वर आणावा लागतो. पण त्यासाठी तो आधी दिसायला हवा, म्हणून दर दहा फेऱ्यांनंतर थांबून सगळ्या सुया पाहून घेण्याची सवय मी लावून घेतली. मशीनवर फेऱ्या मोजणारा काउंटर असतो, त्यावरही पूर्ण विसंबू नये. घाईने फिरवताना तो एखादी फेरी मोजत नाही, आणि जोडीतल्या दोन वस्तूंची लांबी मग जुळत नाही. दर वीस फेऱ्यांनी एका टाक्यात रंगीत धाग्याचा तुकडा अडकवला की संख्या डोळ्यांनी तपासता येते.

सप्टेंबरच्या मध्यापासून टोप्यांना हात घातला, कारण मोठे मशीन परत करायचे होते. दुहेरी टोपीची रचना फार समाधान देणारी आहे. 48 सुयांवर सुमारे 110 ते 120 फेऱ्यांची एक लांब नळी विणायची, दोन्ही टोकांचे टाके धाग्यात ओवून घट्ट आवळायचे आणि एक टोक दुसऱ्याच्या आत ढकलायचे, की आतून-बाहेरून सुबक, दोन पदरांची उबदार टोपी तयार होते. तिची कड दुमडीची असल्यामुळे गुंडाळली जात नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण हे मशीन फक्त सुलट टाके घालते आणि सुलट टाक्यांच्या एकेरी कापडाची कड नेहमी आपोआप वळते. एका टोपीला 80 ते 100 ग्रॅम लोकर लागली, म्हणून 100 ग्रॅमचा एक गुंडा म्हणजे एक टोपी हा हिशेब सोयीचा ठरला. दोन रंग वापरायचे झाल्यास नळीच्या बरोबर मध्यावर रंग बदलावा. मग टोपी दोन्ही बाजूंनी घालता येते आणि कड दुमडली की आतला रंग बाहेर दिसतो.

टोके आवळताना धागा पुरेसा लांब ठेवायचा, दुहेरी ओवायचा आणि एकदा नव्हे तर दोनदा सगळ्या टाक्यांतून फिरवायचा. टोपीवर सर्वांत जास्त ताण याच जागी येतो. 48 टाक्यांचा गोळा एकदम ओढला तर धागा तुटू शकतो, म्हणून थोडा थोडा ओढत, टाके बोटांनी सारखे करत जावे. वर गोंडा लावला की उरलेले बारीक छिद्र झाकले जाते. पण गोंडा धुताना काढता यावा अशा रीतीने आतून फुलगाठीने बांधावा.

ऑक्टोबरमध्ये लहान मशीनवरच्या वस्तू सुरू झाल्या आणि या कामातला माझा खरा आनंद इथे होता. चष्म्याची पिशवी म्हणजे टोपीचेच धाकटे रूप. 22 सुयांवर 80 फेऱ्यांची नळी घेऊन दोन्ही टोके आवळली आणि एक आत ढकलले, की अस्तरासह पिशवी होते आणि तिच्या तोंडाशी एक बटण व धाग्याचा फास लावला की काम संपते. कानपट्टीसाठी 100 ते 110 फेऱ्यांची नळी सपाट करायची, दोन्ही टोकांना इंग्रजी सी अक्षरासारखी घडी घालून ती एकमेकांत अडकवायची आणि चारही पदरांतून शिवायचे. उलटल्यावर समोर सुंदर पीळ दिसतो. डोक्याच्या मापापेक्षा ती थोडी आखूडच असावी, कारण वापरात ती सैल होते.

सशाची बाहुली मात्र सावकाश करण्याची गोष्ट आहे. 50 फेऱ्यांची नळी, खालचे टोक आवळलेले, दोन-तृतीयांश भाग कापसाने भरलेला आणि मानेच्या जागी भोवती धागा ओढून बांधलेला. वरचा रिकामा भाग सपाट करून मधोमध उभी शिवण घातली आणि त्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना आकार दिला की दोन कान निघतात. कापूस एकदम गोळा करून कोंबू नये. तो पिंजून, लहान लहान झुबक्यांनी कडेकडेने भरावा, नाहीतर पोटावर गाठी दिसतात. आणि जास्त भरल्यास टाके ताणून आतला पांढरा कापूस डोकावतो. डोळ्यांविषयी मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्या घरात तीन वर्षांखालील मूल आहे तिथे जाणाऱ्या बाहुलीला बटणे, मणी किंवा प्लॅस्टिकचे डोळे लावू नयेत, कारण सैल विणीतून ते निघू शकतात आणि मुलाच्या तोंडात जाऊ शकतात. मी सगळ्या सशांचे डोळे काळ्या धाग्याने भरतकाम करून काढले. तसे डोळे दिसायलाही अधिक सौम्य असतात.

मशीनला सपाट पट्टी विणण्याचीही सोय असते. कळ फिरवली की कडे एका टोकापर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. यात सगळ्या सुया वापरता येत नाहीत आणि कडेचे टाके सर्वांत आधी गळतात. वळणाच्या वेळी धागा सैल पडतो, तो प्रत्येक वळणावर बोटाने हलकेच मागे ओढून घ्यावा लागतो. मी थोड्याच पट्ट्या विणल्या आणि बाकीचे सगळे नळीतूनच साधले. सुरुवात करणाऱ्याने सपाट पट्टीकडे पहिल्या महिन्यात वळू नये.

नोव्हेंबर जवळजवळ संपूर्ण शिवणात गेला. ज्याला कोणाला हे काम हाती घ्यायचे आहे त्याने वेळेचा अंदाज करताना ही बाब सर्वप्रथम लक्षात घ्यावी. 22 सुयांवरची 80 फेऱ्यांची नळी मशीनवरून बघता बघता उतरते, पण टाके ओवणे, टोके आवळणे, धाग्यांची टोके आत लपवणे, बटण लावणे, आकार नीट करणे यांत तिच्या कितीतरी पट वेळ जातो आणि त्याला कोणताही जवळचा मार्ग नाही. वस्तू हातात घेणाऱ्याची बोटे नेमकी याच जागांवर फिरतात. यंत्राच्या टाक्यांत कोणाला फरक दिसत नाही, शिवणीत मात्र लगेच दिसतो. म्हणून मी क्रम बदलला. आधी आठवडाभर फक्त विणायचे आणि नंतर शिवायचे याऐवजी, एक वस्तू मशीनवरून उतरली की ती पूर्ण झाल्याखेरीज दुसरी चढवायची नाही, असे ठरवले. अर्धवट नळ्यांचा ढीग समोर असला की मन दडपते आणि शिवण घाईची होते. एकेक वस्तू पुरी होत गेली की मनाला उभारी येत राहते.

तयार वस्तूंना आकार देण्याचा विधी लोकरीप्रमाणे बदलतो. खऱ्या लोकरीची वस्तू कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवली की टाके एकमेकांशी जुळतात. ॲक्रिलिकला हे फारसे लागू पडत नाही आणि त्यावर गरम इस्त्री टेकवली तर कापड कायमचे लुळे पडते. वाफ दुरूनच द्यावी, तीही थोडी. प्रत्येक भेटीबरोबर मी एक चिठ्ठी जोडली. तिच्यावर धाग्याचा प्रकार, धुण्याची पद्धत आणि वाळवताना टांगू नये ही सूचना लिहिली, शिवाय त्याच लोकरीचे दोन-तीन मीटर गुंडाळून चिठ्ठीला बांधले. लोकरीची ॲलर्जी असणारी माणसे असतात, म्हणून धाग्याचा प्रकार लिहिणे विशेष गरजेचे आहे. यासाठी गुंड्याची वेष्टने फेकून न देता एका वहीत चिकटवावीत आणि शेजारी सुयांची संख्या, फेऱ्या, लागलेले ग्रॅम आणि ताणाची खाच यांची नोंद ठेवावी. रंगाच्या घाण्याचा, म्हणजे लोकर रंगवण्याच्या खेपेचा, क्रमांकही वेष्टनावर असतो. एकाच रंगाचे दोन गुंडे वेगळ्या घाण्यांतले असले तर टोपीच्या मध्यावर फरक स्पष्ट दिसतो, त्यामुळे लागणारी लोकर एकदमच घेतलेली बरी.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर्व वस्तू घरोघरी पोहोचल्या. मोठे मशीन परत करण्यापूर्वी सुयांच्या खाचांत साचलेला लोकरीचा भुगा कोरड्या मऊ ब्रशने काढला. माझे मशीन हल्ली दर दोन-तीन वस्तूंनंतर असेच साफ होते, कारण हँडल जड होण्याचे कारण बहुतेक वेळा हा भुगाच असतो.

जानेवारीत एक टोपी दुरुस्तीसाठी परत आली. धुतल्यावर तिच्या वरच्या टोकाची आवळण सैल होऊन मध्ये भोक पडले होते. आतला पदर बाहेर काढला, आवळणीचा जुना धागा तसाच ठेवून त्याच्या खालच्या फेरीतले सगळे टाके नव्या दुहेरी धाग्यात ओवले, तो दोनदा फिरवून आवळला आणि टोक आतल्या बाजूने तीन दिशांना फिरवून पक्के केले. धागा अर्थात चिठ्ठीला बांधलेल्या त्या छोट्या गुंड्यातलाच होता, त्यामुळे रंग तंतोतंत जुळला. त्यानंतर घरी उरलेल्या दोन टोप्यांनाही हीच दुसरी आवळण घालून घेतली आहे, आणि ज्यांच्याकडे बाकीच्या टोप्या आहेत त्यांनाही पहिल्या धुण्यानंतर टोक एकदा तपासून पाहायला कळवले आहे.